अनामत आणि रद्दी

मधल्या सुट्टीत आमच्या हातात निरंजन घाटे यांचे ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ होते. गणिताच्या सरांनी मुखपृष्ठावरचे नाव वाचले आणि विचारले, “म्हणजे दुसऱ्या कुणीतरी काय काय वाचलं, ते तुम्ही वाचत बसलाय? हे म्हणजे शेजाऱ्याच्या ताटाकडं बघून ढेकर देण्यासारखं झालं की!” स्टाफरूममध्ये हशा पिकला. आम्हीही हसलो. पण प्रश्न रास्त होता. पुस्तकांविषयीची पुस्तके, वाचनालयांविषयीची पुस्तके, वाचणाऱ्या माणसांच्या हकीगती कशासाठी वाचायच्या? तेवढ्या वेळात सरळ एखादी चांगली कादंबरी वाचून होईल. या महिन्याचे सदर त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

दावतीचेच उदाहरण घेऊ. लग्नाहून परतल्यावर दोन दिवस आपल्या घरात कशाची चर्चा असते? बिर्याणीचा तांदूळ कोणता होता, मटण किती शिजले होते, भटारी कुठल्या गावचा होता. जो दावतीला गेलाच नव्हता तोही कान देऊन ऐकतो आणि पुढच्या वेळी त्या भटाऱ्याचे नाव निघाले की सर्वांच्या आधी तयार होतो. खाण्याच्या गप्पांनी पोट भरत नाही हे खरे, पण भूक लागते. वाचनाचेही तसेच आहे. ज्या घरात पुस्तकांच्या गप्पा होतात, त्या घरातल्या मुलाला वाचण्याची भूक लागते. ज्या घरात त्या होत नाहीत, तिथे हे काम पुस्तकांविषयीचे पुस्तक करते. ते वाचणाऱ्या माणसाला आपल्या घरी आणून बसवते.

मराठीत अशी पुस्तके कमी नाहीत. घाटे यांना आपण विज्ञानलेखक म्हणून ओळखतो, पण या पुस्तकात ते लहानपणापासून लागलेले वाचनाचे वेड खुशीत सांगतात. हे वाचले ते भारी आणि ते वाचले ते हलके, असा रुबाब त्यात नाही. कवी सतीश काळसेकर यांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कादंबरी नाही, कवितासंग्रह नाही, एका वाचकाने आपल्या वाचनाविषयी केलेले लेखन देशातल्या एवढ्या मोठ्या पुरस्काराला पात्र ठरले, ही आम्हाला फार मोलाची गोष्ट वाटते. गोविंद तळवलकर यांच्या ‘वाचता वाचता’मध्ये आपल्या गावापर्यंत कधीच न पोहोचणारी इंग्रजी पुस्तके आपल्या भाषेत ओळख करून देतात. अरुण टिकेकर यांचे ‘अक्षरनिष्ठांची मांदियाळी’ पुस्तकांचा शोध कसा घ्यायचा याची गोडी लावते. ही चार पुस्तके बाजारात मागितली तर मिळतील आणि बऱ्यापैकी वाचनालय असेल तर त्यातली एक-दोन तिथेही सापडतील.

अशी पुस्तके वाचताना एक गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा भेटत गेली. मोठे म्हणून गाजलेले वाचक पुष्कळदा मागून वाचणारे निघतात.

पालकसभेत आम्ही घरी पुस्तके ठेवा म्हणतो, तेव्हा मागच्या रांगेतून आवाज येतो, “पुस्तकं घ्यायला पैसा कुठनं आणायचा?” उसाचे बिल, मुलीचे लग्न, दवाखाना या ओळीत पुस्तकाचा नंबर शेवटी लागतो, हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच या मागणाऱ्यांच्या गोष्टी आम्ही सभेत सांगतो.

पहिली गोष्ट बगदादची. दहाव्या शतकात तिथे इब्न नदीम नावाचा एक वर्राक होता. वर्राक म्हणजे पुस्तकांच्या नकला करून विकणारा. आपल्या काळापर्यंत अरबीत जी पुस्तके झाली त्यांची आणि त्यांच्या लेखकांची यादी त्याने ९८७ साली तयार केली. तिचे नाव ‘अल-फिहरिस्त’, म्हणजे यादीच. हे पुस्तक सगळे पुस्तकांविषयीच आहे. त्यात ज्यांची नावे आहेत त्यांतली कितीतरी पुस्तके पुढे नष्ट झाली आणि आज त्यांची खूण फक्त या यादीत उरली आहे. पुस्तकांवर सर्वांत जास्त जीव असलेली तीन माणसे कोण, हे सांगताना इब्न नदीम बसऱ्याच्या जाहिजचे नाव घेतो. जाहिज मोठा लेखक, पण घरचा गरीब. तो पुस्तकांची दुकाने रात्रीपुरती भाड्याने घ्यायचा आणि आत बसून सकाळपर्यंत वाचायचा. विकत घ्यायची ऐपत नाही, तर रात्र भाड्याने घ्यायची!

दुसरी गोष्ट दिल्लीची. मौलाना हाली यांनी १८९७ मध्ये आपल्या उस्तादांचे चरित्र लिहिले, ‘यादगार-ए-गालिब’. त्यात ते सांगतात, की मिर्झा गालिब यांनी जन्मभर ना स्वतःचे घर घेतले, ना पुस्तके. त्या वेळी दिल्लीत एक माणूस दुकानांतून पुस्तके आणून लोकांना भाड्याने देण्याचा धंदा करी. मिर्झासाहेब त्याच्याकडून पुस्तक घेत, वाचत आणि परत करीत. ज्यांच्या दीवानाच्या प्रती आज घराघरांत आहेत, त्यांच्या स्वतःच्या घरात पुस्तकांचे कपाट नव्हते.

तिसरी गोष्ट मुलांना सर्वांत आवडते. प्रेमचंद गोरखपूरला शाळेत होते तेव्हा तेरा वर्षांच्या आसपासचे होते. उर्दू कादंबऱ्यांचे जबर वेड, खिशात दमडी नाही. त्यांनी एका पुस्तकविक्रेत्याशी सौदा केला. त्याच्याकडच्या इंग्रजी गाइडा आणि नोट्स शाळेतल्या पोरांना विकून द्यायच्या आणि त्याच्या बदल्यात कादंबऱ्या घरी नेऊन वाचायच्या. दोन-तीन वर्षांत त्यांनी अशा शेकडो कादंबऱ्या संपवल्या. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आमच्या वर्गात ही गोष्ट सांगितली, की कुणीतरी हमखास विचारते, “मग अभ्यास कवा करत होते?” वर्ग हसतो, आणि दुसऱ्या दिवशी एखादा पोरगा प्रेमचंदांचे पुस्तक आहे का म्हणून विचारायला येतो.

मागणारे होते म्हणून देणारेही झाले. देणाऱ्यांच्या गोष्टी म्हणजे वाचनालयांच्या गोष्टी.

पाटण्याचे वकील खुदाबख्श यांचे वडील मोहम्मद बख्श १८७६ मध्ये वारले. मागे जमीनजुमल्यापेक्षा मोठी जिंदगी होती ती १४०० हस्तलिखितांची. यांचे लोकांसाठी वाचनालय व्हावे, एवढी इच्छा त्यांनी मुलापाशी बोलून ठेवली होती. मुलाने संग्रह वाढवत नेला आणि १८९१ मध्ये सुमारे ४००० हस्तलिखितांसह तो सर्वांसाठी खुला केला. हस्तलिखिते शोधून आणायला त्यांनी एक अरब माणूस दरमहा ५० रुपये पगारावर ठेवला होता, असे सांगतात. खुदाबख्श १९०८ मध्ये वारले. त्यांची कबर वाचनालयाच्या आवारातच आहे. १९६९ मध्ये संसदेने कायदा करून त्या वाचनालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था केले. बापाच्या शब्दाचे मुलाने इतके मोठे काम केले, की आज जगभरातले अभ्यासक त्या दारात जातात.

पाटणा लांब वाटत असेल तर आपल्या कोल्हापूरला या. करवीर नगर वाचन मंदिर १८५० मध्ये सुरू झाले. म्हणजे १८५७ च्या उठावाच्या आधी, आपल्या भागात रेल्वे यायच्या आधी, कोल्हापुरात वाचनालय आले होते. १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक वाचनालयांसाठी कायदा केला. हिंदुस्थानात असा कायदा त्याआधी कुठेच झाला नव्हता. मद्रासचा कायदा १९४८ चा आणि आपल्या महाराष्ट्राचा १९६७ चा. कोडोलीहून कोल्हापूरला एसटीने जाणारी आपली मुले अंबाबाईचे देऊळ ओळखतात, रंकाळा ओळखतात, खासबाग मैदान ओळखतात. देशातला वाचनालयांचा पहिला कायदा आपल्या जिल्ह्यात झाला हे त्यांना कुणी सांगत नाही. वाचनालयांविषयी वाचले नसते तर आम्हालाही ते कळले नसते.

वाचनालयाचे सभासद व्हायला गेलात, की वर्गणीबरोबर अनामत रक्कम भरावी लागते. हा शब्द नीट बघा. अरबी ‘अमानत’ मराठीत येताना अक्षरांची अदलाबदल होऊन ‘अनामत’ झाली. विश्वासाने ठेवलेली आणि मागाल तेव्हा जशीच्या तशी परत करायची वस्तू, हा अर्थ दोन्हीकडे शाबूत आहे. पुस्तकांच्या दुनियेतले कितीतरी मराठी शब्द याच वाटेने आले आहेत. कागद, शाई, दौत, दप्तर, मजकूर, नक्कल, तर्जुमा ही सगळी फारसी-अरबी घराण्यातली मंडळी. आणि एक शब्द आणखी आहे : रद्दी. तोही अरबीच. मुळात अर्थ परत फिरवलेले, टाकून दिलेले.

प्रत्येक घरातल्या जुन्या पुस्तकाला शेवटी या दोन शब्दांतला एक शब्द लागतो. एक तर ते अनामत होते, नाहीतर रद्दी.

नववीतल्या एका मुलाने एकदा प्लास्टिकच्या पिशवीतून एक जुने पुस्तक आणले. त्याचे आजोबा वारल्यावर घराची डागडुजी निघाली होती आणि माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली आली होती. आजोबा मिरजेला उर्दू शाळेत शिकलेले. घरातले बाकी सगळे मराठी माध्यमातले. घरात दखनी बोलतात, पण उर्दू लिपी कुणाला वाचता येत नाही. ट्रंकेतल्या दोन-तीन पुस्तकांवर अरबी आयती दिसल्या, ती तेवढी अदबीने बाजूला काढून फडक्यात बांधून ठेवली. उरलेली किलोच्या भावाने द्यायची ठरली होती. मुलाने विचारले, “ह्यात काय लिवलंय तेवढं सांगा. मग देतो.”

ती डिप्टी नजीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ होती. उर्दूतल्या पहिल्या कादंबऱ्यांत तिचे नाव घेतात. १८६९ साली ती छापून आली. त्या काळी मुलींच्या हाती द्यावे असे पुस्तकच नव्हते, म्हणून नजीर अहमद यांनी आपल्या घरच्या मुलींसाठी ही गोष्ट लिहायला घेतली. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ती गोष्ट. मुलींनी वाचावे म्हणून लिहिलेले पुस्तक माळ्यावर होते, आणि त्या घरात तीन मुली होत्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही त्या घरी गेलो. शंभरपानी वही घेतली आणि तिच्यात खाने आखले : नाव, लेखक, साल, अवस्था, शेरा. आम्ही वाचायचे आणि मुलाने मराठीत लिहायचे. धाकटी बहीण फडक्याने धूळ पुसून एकेक पुस्तक पुढे करत होती. एकूण ३८ पुस्तके भरली. इकबाल होते, उर्दू वाचनमाला होत्या, हकिमीचे एक पुस्तक होते, जुन्या मासिकांचे बांधलेले अंक होते. चार पुस्तके वाळवीने पार खाल्ली होती. तासाभरात मुलाच्या अम्मी चहा ठेवायचे विसरून दारात बसून ऐकू लागल्या होत्या. “अब्बा रातचं कंदील लावून काय वाचत होते, ते आज कळालं,” त्या म्हणाल्या. सासऱ्यांनाही त्या अब्बाच म्हणत.

दोन पुस्तकांच्या पहिल्या पानावर आजोबांचे नाव नव्हते. दुसऱ्याचे होते, आणि खाली आजोबांच्या हातचे लिहिले होते : अमुक साहेबांची अमानत, ईदनंतर परत करायची. कुठली ईद, ते लिहिले नव्हते. मुलाचे वडील ओट्यावरून उठून आत आले. “म्हणजे हे आमचं नव्हंच?” त्यांनी विचारले. मग म्हणाले, “बरं झालं विकलं न्हाई.”

त्यांपैकी एकाचा पत्ता लागला. मिरजेत त्यांचे नातू राहतात. मुलाचे वडील एका रविवारी एसटीने जाऊन पुस्तक देऊन आले. दुसऱ्याचा पत्ता लागला नाही. त्या पुस्तकापुढे वहीच्या शेवटच्या खान्यात मुलाने ‘अमानत’ असे लिहिले आहे. बाकीची पुस्तके आता घरातल्या शोकेसमध्ये आहेत. मुलगा उर्दू मुळाक्षरे शिकतो आहे. सुटी अक्षरे येतात, एकमेकांना जोडली की अडतो. तिन्ही मुलींना अकबरी-असगरीची गोष्ट आम्ही चार बैठकांत वाचून दाखवली. थोरलीचे मत पडले की असगरी फारच शहाणी दाखवली आहे, इतकी कुणी नसते. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकावर कोडोलीतल्या मुलीने आपले मत दिले, याहून पुस्तकाला काय हवे असते?

त्या वहीला आम्ही गमतीने ‘फिहरिस्त’ म्हणतो. इब्न नदीमने बगदादची केली, यांनी ट्रंकेची केली. यादीने काय होते? पुस्तकाला नाव मिळते, आणि नाव मिळालेली वस्तू किलोवर घालताना हात अडखळतो.

असाच अडखळलेला हात आम्हाला सीरियाच्या एका पुस्तकात भेटला. दमास्कसजवळ दराया नावाचे शहर आहे. २०१२ ते २०१६ अशी चार वर्षे त्याला वेढा पडला होता. वर बॉम्ब, खाली भूक. त्या हालात काही तरुण पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांतून पुस्तके गोळा करू लागले. हजारो पुस्तके जमली. एका इमारतीच्या तळघरात त्यांनी वाचनालय थाटले, फळ्या ठोकल्या, पुस्तके विषयवार लावली. डेल्फिन मिनूई या फ्रेंच पत्रकार बाईंनी त्या तरुणांशी इंटरनेटवरून बोलून त्यांची हकीगत लिहिली. ती इंग्रजीत ‘द बुक कलेक्टर्स’ या नावाने मिळते. त्यातली एक गोष्ट वाचून आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. सापडलेल्या प्रत्येक पुस्तकावर ते ज्याच्या घरात सापडले त्याचे नाव हे तरुण लिहून ठेवत. उद्या लढाई संपली, घरधनी परत आला, तर त्याचे त्याला देता यावे म्हणून. घराला छप्पर उरलेले नाही, मालक जिवंत आहे की नाही ठाऊक नाही, आणि ही पोरे पहिल्या पानावर त्याचे नाव घालत आहेत.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये लोकांना दराया सोडावे लागले. मागे राहिलेले वाचनालय लुटले गेले आणि ती पुस्तके जुन्या बाजारात स्वस्तात विकायला आली. अनामत आणि रद्दी या दोन शब्दांमधले अंतर ते एवढे.

आपल्याकडे बॉम्ब पडत नाहीत. आपल्याकडे पुस्तके लिपीमुळे अनाथ होतात. आजोबांना उर्दू येते, नातवंडांना मराठी. दोघे एका ताटात जेवतात, पण एकमेकांची पुस्तके वाचू शकत नाहीत. आम्हाला दोन्ही भाषा शिकवायला मिळाल्या म्हणून आम्हाला हे जास्त दिसते. यावर कुणी सांगते की मराठी आपली नव्हे, उर्दूच खरी. कुणी सांगते उर्दूचा काय उपयोग, नोकरी तर लागत नाही. दोघांनाही आम्ही एकेक पुस्तक सुचवतो. पहिल्याने रा. चिं. ढेरे यांचे ‘मुसलमान मराठी संतकवी’ वाचावे. १९६७ मध्ये आलेल्या या पुस्तकात जुन्या पोथ्यांतून शोधलेले मराठी कवी भेटतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि त्यांचा ‘योगसंग्राम’, शहा मुनी आणि त्यांचा ‘सिद्धांतबोध’. त्यांच्या विचारांशी आपले मत जुळो न जुळो, आपल्या नावांची माणसे शेकडो वर्षांपूर्वी मराठीत ग्रंथ लिहीत होती, हे तरी माहीत असावे. आणि दुसऱ्याने आपल्याच माळ्यावरची ट्रंक उघडावी.

मग दोन लिप्यांच्या घरात वाचायचे कसे? त्याचे उत्तरही वाचणाऱ्यांच्या गोष्टींतच आहे : मोठ्याने वाचायचे. अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस यांची दृष्टी गेली होती. ज्या सुमारास ती पार गेली त्याच सुमारास, १९५५ मध्ये, त्यांना देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक नेमले. भोवती लाखो पुस्तके आणि डोळ्यांपुढे अंधार. पुढे त्यांना संध्याकाळी वाचून दाखवायला पुस्तकाच्या दुकानात काम करणारा एक पोरगा येत असे. तो पोरगा म्हणजे आल्बेर्तो मान्गेल. मोठेपणी, १९९६ मध्ये, त्याने वाचनाचा इतिहास लिहिला आणि तो जगभर गाजला. आंधळ्या म्हाताऱ्याला वाचून दाखवता दाखवता वाचक घडला.

आपल्या कोल्हापूरच्या वि. स. खांडेकरांचीही उतारवयात दृष्टी गेली. मराठीला पहिले ज्ञानपीठ १९७४ मध्ये त्यांच्या ‘ययाति’मुळे मिळाले, तेव्हा ते स्वतः वाचू शकत नव्हते. दुसरे वाचत, ते ऐकत. ते सांगत, दुसरे लिहून घेत. काम थांबले नाही.

आपल्या घरात दादी असते, नानी असते. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर लागत नाही. कुरआन शरीफच्या कितीतरी सूरा तोंडपाठ असतात, पण बाकी वाचन सुटलेले असते. घरात आठवीतली नात असते, तिला मराठी खडाखडा वाचता येते. तिने रोज मगरिबनंतर दहा मिनिटे दादीला मराठी पुस्तक वाचून दाखवावे. दादी ऐकेल, मध्ये थांबवेल, “ये कब का है बेटा?” म्हणून विचारेल. नातीला थांबून अर्थ सांगावा लागेल, आणि सांगता सांगता तिलाही तो नीट कळेल. मोबाइल काढून घ्यायची भांडणे करण्यापेक्षा हे सोपे आहे. आमच्या ओळखीच्या दोन घरांत हे चालू आहे. एका घरात तर आजीला गोष्टीची इतकी ओढ लागली आहे, की नात मामाच्या गावी गेली तेव्हा “पुढं काय झालं ते फोनवर वाच,” म्हणून तगादा लागला होता.

‘इक्रा’ हा शब्द आपल्या प्रत्येक जलशात ऐकू येतो, शाळांच्या फलकांवर दिसतो. त्यावर आणखी भाषण आम्ही देणार नाही. वर्गात आम्ही फक्त एवढे विचारतो, की काल किती पाने झाली? आणि मुलींना आणखी एक प्रश्न विचारतो. दहावी झाल्यावर शाळेचे वाचनालय सुटेल, मग पुस्तक कुठून आणणार? मुलगा चौकात जातो, तालीमीत जातो, कॉलेजसाठी कोल्हापूर गाठतो, त्याला कुठे ना कुठे पुस्तक मिळते. पुष्कळ मुलींचे वाचन मात्र दहावीच्या शेवटच्या पेपरबरोबर बंद होते. लग्न होऊन सासरी गेल्यावर तर नावालाही पुस्तक राहत नाही. हुशार, मन लावून वाचणाऱ्या मुली अशा थांबताना आम्ही पाहिल्या आहेत. त्यांची बुद्धी कमी नव्हती. त्यांच्या नावाचे वाचनालयाचे कार्ड नव्हते, एवढेच.

म्हणून या महिन्यात आमच्या वाचक घरांनी तीन कामे करावीत.

पहिले, गावातल्या किंवा जवळच्या वाचनालयात एक सभासदत्व घ्यावे, आणि ते घरातल्या मुलीच्या किंवा सुनेच्या नावावर घ्यावे. वर्गणी बहुतेक ठिकाणी एका वेळच्या मटणाहून जास्त पडत नाही. कार्ड तिच्या नावाचे असले, की पुस्तक बदलायला जाणे हे तिचे काम होते आणि त्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागत नाही.

दुसरे, वाचनालयातून पहिले पुस्तक आणताना पुस्तकांविषयीचे एखादे आणावे. वर दिलेल्या मराठी नावांपैकी जे मिळेल ते. इंग्रजी वाचणारे कुणी घरात असेल तर हेलेन हॅन्फ यांचे ‘84, चेरिंग क्रॉस रोड’ बघावे. न्यू यॉर्कमधली एक बाई १९४९ पासून लंडनच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानाला पत्रे लिहिते, पुस्तके मागवते, टंचाईच्या काळात दुकानातल्या लोकांना खाण्याच्या जिनसांची पार्सले पाठवते. वीस वर्षे पत्रे चालतात आणि दुकानातला तिचा मुख्य पत्रमित्र भेट न होताच जातो. एका बैठकीत वाचून होते. सुट्टीत सहल काढायची असेल तर सातारा जिल्ह्यातल्या भिलारला जावे. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचे हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले आहे. लोकांनी आपल्या घरांतल्या खोल्या वाचकांसाठी उघडल्या आहेत. कुणाच्याही घरात जावे, बसावे, वाचावे. मुलांना हे दाखवायला हवे, की पुस्तकासाठी परक्या माणसाला घरात घेणारी माणसे आपल्या जवळच्याच एका जिल्ह्यात राहतात.

तिसरे, घरातल्या पुस्तकांची फिहरिस्त करावी. माळा, ट्रंक, फडताळ, बिछान्याखालची पेटी, सगळे बघावे. उर्दू वाचता येत नसेल तर मशिदीतल्या इमामसाहेबांना, एखाद्या उर्दू शिक्षकाला बोलवावे, चहा पाजावा. ही माणसे आनंदाने येतात. प्रत्येक पुस्तकाचे पहिले पान उघडून बघायला विसरू नये. तिथे कुणाचे तरी नाव असते. ते तुमचे नसेल तर शेवटच्या खान्यात तसे लिहावे आणि पत्ता लागला तर पुस्तक पोहोचते करावे.

पन्नास पुस्तके निघोत की पाच, फिहरिस्त आमच्याकडे या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. निवडक याद्या आम्ही पुढच्या अंकांतून छापू. एखादे उर्दू पुस्तक काय आहे ते कळत नसेल, तर त्याच्या पहिल्या पानाचा फोटो सोबत जोडा, वाचून कळवू. यादी कुणी केली त्याचे नाव आणि इयत्ता मात्र वर ठळक लिहा. छापताना पहिले नाव तिचे किंवा त्याचे येईल, पुस्तकांची नंतर.